म्हैसूर आणि मैसूरु

एखाद्या माणसास त्याच्या नावाने हाक मारण्यात काही पुण्य आहे असे आपण मानीत नाही. परंतु ते नाव जाणूनबुजून वाकडे उच्चारण्यात दोष आहे, हे मात्र सर्वांनाच कळते. गावांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा काय, हा प्रश्न म्हैसुरास बदली होऊन आल्यावर मला पडला. त्यास निमित्त झाले अगदी क्षुल्लक.

कचेरीत एका इंग्रजी पत्राचा मसुदा मी तयार केला होता. स्थळ घालताना सवयीने जुनीच अक्षरे उमटली : एम, वाय, एस, ओ, आर, ई. शेजारच्या मेजावरील वयस्क कानडी सहकाऱ्यांनी ती वाचली, पेन्सिलीने शेवटची तीन खोडून 'यू, आर, यू' असे केले, आणि हसून विचारले, "तुमच्या मुंबईला कोणी 'बाँबे' म्हटले, तर तुम्हांला कसे वाटते?" मी निरुत्तर झालो. कारण आदल्याच आठवड्यात एका उत्तरेकडील गृहस्थांना याच शब्दावरून मी चार गोष्टी ऐकविल्या होत्या.

शासकीय दृष्ट्या प्रश्न केव्हाच मिटलेला आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या सूचनेवरून कर्नाटक शासनाने हा विषय हाती घेतला, केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती मिळण्यात काही वर्षे गेली, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून 12 शहरांची इंग्रजी नावे बदलली. अनंतमूर्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. तो दिवस त्यांना पाहावयास मिळाला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कानडीत त्या दिवशी काहीच बदलले नाही. तेथे 'मैसूरु' पूर्वीही होते, आजही आहे. 1995 साली मुंबईच्या बाबतीत मराठीत तरी काय बदलले होते? बदलली ती केवळ रोमन अक्षरे. आणि तीही अर्धीच, कारण 'मैसूरु'तील पहिले अक्षर इंग्रजीत अद्याप साहेबाने लिहिले तसेच आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. प्रत्येक भाषा परक्या गावांना आपल्या वळणाची नावे देतच असते. लंडनला फ्रेंच लोक 'लाँद्र' म्हणतात म्हणून इंग्रजांचा अपमान होत नाही. आपणही बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर म्हणतो. पेशव्यांच्या फौजा 1792 साली श्रीरंगपट्टणास वेढा घालून होत्या, तेव्हाही मराठी माणूस या मुलुखास 'म्हैसूर'च म्हणत होता, आणि आजही माझ्या तोंडी तोच शब्द येतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. तो आमच्या घरातला शब्द आहे; घरात आपल्या रीतीने बोलण्याचा अधिकार प्रत्येक भाषेस आहे.

परंतु या देशात इंग्रजी हे कोणाचेच घर नव्हे. ती सर्वांची चावडी आहे. तेथे मराठी, कानडी, बंगाली सारे समान नात्याने येतात. घरात शेजाऱ्याचा उल्लेख आपण कसाही करू; चावडीवर मात्र तो स्वतःस जे म्हणवितो तेच म्हणावे, हा सभ्यतेचा नियम होय. माझ्या सहकाऱ्यांची पेन्सिल योग्य होती.

येथेच लेख संपला असता, तर माझे काम सोपे झाले असते. पण मी मूळचा बेळगावचा. आमचा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, तरी आमच्या आजोबांच्या तोंडी अखेरपर्यंत 'म्हैसूर'च राहिले. त्यांच्या लेखी ते शहराचे नाव नव्हते, एका दुःखाचे नाव होते. आणि ज्या 12 शहरांची नावे 2014 साली बदलली, त्यांत बेळगावही आहे. इंग्रजीत ते आता 'बेळगावी'.

गाव स्वतःस जे म्हणविते ते म्हणावे, हे खरे. पण गावाला एकच तोंड नसेल तर? बेळगावात शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांत दोन नावे चालतात, आणि दोन्ही घरे तितकीच जुनी आहेत. येथे माझा नियम अपुरा पडतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. सेवक या नात्याने राजपत्रातील नाव मी लिहितो, कारण चावडीचा निर्णय पटो न पटो, तो मानावा लागतो. मात्र लिहिणे म्हणजे आपला शब्द विसरणे नव्हे. आणि मला 'बेळगाव' म्हणू द्यावे अशी अपेक्षा करणाऱ्या माणसाने 'मैसूरु'साठी सहा अक्षरे नीट लिहिण्यास कां-कूं करणे, हे तर मुळीच शोभत नाही.

उलट, जुने नाव ऐकताच रागावणेही मला पटत नाही. 1916 साली स्थापन झालेले विद्यापीठ, रेशीम, मैसूरपाक हे सारे जुन्याच इंग्रजी अक्षरांनी जगास ठाऊक आहेत. मुंबईच्या उच्च न्यायालयाचे इंग्रजी नावही तसेच राहिले आहे. सारे आयुष्य एक उच्चार केलेल्या वृद्धाच्या जिभेवर राजपत्र लागू होत नाही. दोष शब्दात नसतो. समोरच्यास खुपते हे कळूनही तो वापरण्यात असतो.

दर महिन्यास मी आईला पत्र पाठवितो. पाकिटावर इंग्रजीत 'बेळगावी' आणि खाली माझा 'मैसूरु'चा पत्ता असतो. आत मराठीत 'बेळगाव' आणि 'म्हैसूर'. पत्र पोहोचण्यास पिनकोडाचे सहा आकडेही बहुधा पुरेसे होतील. पण गेल्या महिन्यात पाकीट लिहिताना मला जाणवले की, आजोबांना जे नाव उच्चारताना कष्ट होत, ते मी कोणी न सांगता, त्या गावच्या लोकांना हवे तसे लिहिले होते. आजोबा असते तर रागावले असते काय, हे मला सांगता येत नाही. माझा हात मात्र अडखळला नाही.