स्वभावाला औषध नाही?

स्वभावाला औषध नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. आणि बहुधा दुसऱ्याविषयीच वापरतो. सुज्ञ वाचकहो, ही म्हण सरसकट खरी नाही हे १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे दिसून आले. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार आरंभिले. तिला जो विकार होता त्यात चेहरा सुजतो, त्वचा कोरडी पडते, बोलणे जड व संथ होते, भर उन्हाळ्यात थंडी वाजते, आणि माणूस हळूहळू सर्व गोष्टींविषयी उदासीन होत जातो. मरे यांनी मेंढीच्या गळ्यातील अवटु ग्रंथीचा, म्हणजे ज्याला आपण थायरॉइड म्हणतो तिचा, अर्क काढून तो त्या स्त्रीच्या त्वचेखाली टोचला. ती बरी झाली. पुढे हेच औषध तोंडाने घेत ती आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठी खर्ची पडल्या, अशी नोंद आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जो तिचा स्वभाव वाटला असेल, तो गळ्यातील बोटभर आकाराच्या एका अवयवाचा थकवा होता.

प्रश्न येथूनच सुरू होतो. आळस, चिडखोरपणा, भित्रेपणा, औदासीन्य यांना आपण दोष म्हणतो आणि त्यांबद्दल माणसाला जबाबदार धरतो. त्यांपैकी काही जर रक्तातील एखाद्या द्रव्याच्या कमीअधिकपणामुळे येत असतील, तर आपण नेमका कोणाचा न्याय करीत असतो?

उत्तर शोधण्यापूर्वी या ग्रंथींचे कार्य थोडक्यात पाहू. लाळग्रंथींना नलिका असते; त्यांचा स्राव ठरलेल्या जागी जाऊन पडतो. अंतःस्रावी ग्रंथींना अशी नलिका नाही. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि रक्त तो सर्व शरीरभर नेते; मात्र ज्या पेशींत त्या स्रावाला ओळखणारी व्यवस्था असते, त्याच पेशी त्याचे ऐकतात. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोलगट आसनात, वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम. ती अवटु ग्रंथीला कामाला लावते; तिला स्वतःला मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग आज्ञा देतो; आणि अवटु ग्रंथीचा स्राव रक्तात पुरेसा झाला की तोच उलट या दोघांना थांबावयास सांगतो. घरच्या पाण्याच्या टाकीतील तरंगता चेंडू पाणी भरताच तोटी बंद करतो, तसेच काहीसे हे आहे. निरोगी प्रौढ माणसाची अवटु ग्रंथी दिवसाला जे थायरॉक्सिन बनवते, ते एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतके, किंबहुना त्याहून थोडे कमीच भरते. एवढ्याशा द्रव्यावर शरीराची ऊब, हृदयाची गती आणि विचारांची चपळता अवलंबून असते.

या द्रव्यांना मराठीत आपण संप्रेरके म्हणतो. हॉर्मोन हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली लंडनमधील आपल्या व्याख्यानांत रूढ केला. तीन वर्षांपूर्वी, १९०२ साली, त्याने व विल्यम बेलिस याने लहान आतड्यातून निघून स्वादुपिंडाला जागे करणारे सिक्रिटिन शोधले होते. नव्या वर्गाच्या द्रव्यांसाठी त्याने एका ग्रीक क्रियापदाचा आधार घेतला. त्याचा अर्थ चेतवणे, वेगाने निघणे, तुटून पडणे असा आहे. ज्याचे आयुष्य ग्रीक शब्दांना मराठी वस्त्रे शिवण्यात गेले, त्याला हा शब्द पाहून थबकावेच लागते. कारण हे क्रियापद नव्या करारात आहे. मार्काच्या शुभवर्तमानात डुकरांचा कळप कड्यावरून खाली धाव घेतो, तेथे ते येते. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनावर तुटून पडणाऱ्या जमावासाठी आणि इफिस येथे नाट्यगृहात घुसणाऱ्या लोकांसाठीही तेच आहे. सारीच उदाहरणे बेभान धावण्याची.

परंतु त्याच धातूचे एक नाम याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अगदी निराळ्या ठिकाणी येते. मोठाली तारवे, जोराचा वारा, लहानसे सुकाणू. आणि ते सुकाणू ज्याच्या इच्छेने वळते तो सुकाणू धरणारा. त्याच्या मनातील त्या कलासाठी याकोब हा शब्द योजतो. म्हणजे एकाच मुळातून कळपाची धावही निघते आणि सुकाणू धरणाऱ्याचा मनोदयही. स्टार्लिंगला हे संदर्भ अभिप्रेत होते असे मी म्हणत नाही. आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मात्र या एका शब्दात आयत्याच सापडतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हिब्रू शास्त्रलेखात मनाच्या खोल भागासाठी मूत्रपिंड हा शब्द अनेकदा येतो. मराठी भाषांतरात तेथे अंतर्याम यासारखा शब्द घालावा लागतो, नाहीतर वाचकाचा गोंधळ उडेल. मूत्रपिंडाच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात आणि त्यांतून भीतीच्या वेळी अॅड्रेनलिन सुटते. म्हणून प्राचीन हिब्रू लेखकांना हे विज्ञान ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणालाही होईल. मला तो मुळीच पटत नाही. पोटात खड्डा पडतो, कंबर खचते, काळीज धडधडते, हा अनुभव सर्व काळच्या माणसांना होता आणि भाषेने तो नोंदवून ठेवला, इतकेच. शास्त्रवचनाला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याची गरज नसते.

आता अॅड्रेनलिनचेच पाहू. ग्रेगोरिओ मारान्यॉन या स्पॅनिश वैद्याने १९२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने २१० जणांना अॅड्रेनलिन टोचले आणि काय वाटते ते विचारले. सुमारे ७१ टक्के लोकांनी केवळ शरीरातील बदल सांगितले: छाती धडधडते, हात कापतात. उरलेल्यांना काही भावना जाणवली. पण त्यांतीलही बहुतेकांनी सांगितले की, जणू काही भीती वाटते आहे, असे वाटते. या ‘जणू’ शब्दापाशी, वाचकहो, थोडे थांबावे. द्रव्याने धडधड दिली, भीती दिली नाही. भीतीला कशाची तरी भीती असावी लागते, रागाला कोणावर तरी रोख असावा लागतो. कोणावर रागवायचे हे अॅड्रेनलिन सांगत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले. तान्हे रडले की आईला पान्हा फुटतो. मेंदूतून पोष ग्रंथीच्या मागच्या भागात आलेले ऑक्सिटोसिन रक्तात सुटते, स्तनातील बारीक स्नायुपेशी आवळल्या जातात आणि दूध वाहू लागते. हिब्रू भाषेत करुणा या अर्थाचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी सजातीय आहे. मराठीतही पान्हा म्हटले की दुधाबरोबर माया आलीच. पण काही गोठ्यांत वासरू वा रेडकू जवळ नसतानाही दूध उतरावे म्हणून गाईम्हशींना याच ऑक्सिटोसिनची सुई दिली जाते. दूध उतरते. ज्याला चाटावे असे वासरू मात्र तेथे नसते. पान्हा आला म्हणून वात्सल्य आले असे होत नाही.

एवढ्यावर समाधान मानून, द्रव्य वेगळे आणि मन वेगळे, असा निकाल देता आला असता तर फार सोपे झाले असते. तसे ते नाही. अवटु ग्रंथीचा स्राव फार वाढला की माणूस अस्वस्थ होतो, झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवरून तो तडकतो. तो कमी झाला की स्मरण मंदावते, उत्साह विझतो. दुसऱ्या आजारासाठी दिलेल्या स्टिरॉइड औषधांनी काही माणसे उन्मत्त होतात, काही खोल विषादात जातात. अशा वेळी धक्का बसतो तो तारवालाच नव्हे. सुकाणू धरणाराही त्याच तारवावर असतो. निवड करणारा मेंदू ज्या रक्तावर जगतो, त्याच रक्तात ही द्रव्ये वाहतात. म्हणून जबाबदारी आहे किंवा नाही अशी दोन टोके धरून बसण्यापेक्षा ती कमीअधिक असू शकते, हे मान्य करणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

कल्पना करा, आपल्या मंडळीतील एक भगिनी आहेत. गायनवृंदात वर्षानुवर्षे पुढे असत. अलीकडे उपासनेला उशिरा येतात, पेंगतात, शब्द विसरतात. अंगावर सूज आहे; लोकांना ते सुखवस्तूपण वाटते. महिला मंडळात कुजबुज सुरू होते की, यांची पहिली प्रीती थंडावली. पाळकसाहेब घरी येऊन पश्चात्तापाविषयी बोलतात. अखेर कोणीतरी रक्ततपासणी करवते, आणि सकाळी रिकाम्या पोटी घ्यावयाची एक लहानशी गोळी सुरू होते. थायरॉक्सिन शरीरात सावकाश साचते, त्यामुळे गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. मग त्या पूर्ववत गाऊ लागतात. मधल्या महिन्यांत जो ठपका त्यांनी सोसला, आणि पुष्कळदा स्वतःही खरा मानून रात्री जागून काढल्या, त्याचे काय? गोळी तो परत घेत नाही. त्यासाठी माणसांनीच त्यांच्या दारी जावे लागेल.

उपवास-प्रार्थनेच्या दिवशी हाच प्रसंग अधिक धोक्याचा होऊ शकतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले, तेव्हापासून मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना या संप्रेरकाने जीवन दिले आहे. पण इन्शुलिन घेऊन जेवण चुकवले तर रक्तातील साखर घसरते. माणसाला घाम फुटतो, तो चिडतो, असंबद्ध बोलतो. त्याला दटावू नका. भूतबाधा समजून त्याच्याभोवती गोळा होऊ नका. तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्या. बहुधा पाव तासात फरक दिसतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखाना गाठा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आजकाल ती अधिक सोयीची ठरते. माझा पिंडच असा, माझे हॉर्मोनच तसे, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. क्षणाच्या संतापाला हे स्पष्टीकरण काही अंशी लागू पडेलही. परंतु वर्षानुवर्षे जपलेला आकस, भावाच्या हिश्श्याची जमीन लाटणे, मंडळीच्या निधीचा खोटा हिशेब यांना लागणारी चिकाटी आणि योजना पाहिली म्हणजे तेथे सुकाणूवर हात घट्ट होता हे उघड दिसते. खोटा हिशेब लिहिणारी ग्रंथी अद्याप कोणाला सापडलेली नाही.

आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. दोषात ग्रंथींचा वाटा असेल, तर गुणातही असणार. जे गृहस्थ जन्मतःच शांत आहेत, ज्यांची छाती कधी धडधडत नाही, त्यांच्या सहनशीलतेची आपण सभेत वाखाणणी करतो. शेजारी बसलेला दुसरा एखादा, ज्याचे रक्त क्षणात उसळते, तो दात आवळून गप्प बसतो आणि शेवटी एकच तिखट वाक्य बोलून जातो. लोक म्हणतात, याला संयम नाही. त्या दिवशी अधिक संयम कोणी केला, हे आपल्याला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. मला तर वाटते की त्या दुसऱ्यानेच केला.

या साऱ्यात एका शब्दाचा इतिहास मला अस्वस्थ करतो. आल्प्सच्या दऱ्यांत पूर्वी गलगंडाने मोठ्या झालेल्या गळ्यांची, खुरट्या बांध्याची व मंद बुद्धीची माणसे पुष्कळ असत. तेथील फ्रेंच बोलीत त्यांना जे नाव होते, त्याचे मूळ ख्रिस्ती या शब्दात आहे असे कोशकार मानतात. हाही माणूसच आहे, पशू नव्हे, असा त्यातील भाव. तोच शब्द पुढे वैद्यकात रोगाचे नाव झाला आणि रस्त्यावर शिवी झाला. आणि कारण काय, तर तेथील मातीत व पाण्यात आयोडीनचे दुर्भिक्ष. माणसाला सबंध आयुष्यात लागणारे आयोडीन चमचाभरसुद्धा नसते, पण ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात हेच घडत होते. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागाला साधे मीठ पुरवून पाहिले. काही वर्षांतच त्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले, आणि मग तिसऱ्या विभागालाही तेच मीठ देण्यात आले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गावेच्या गावे ज्याला नशीब म्हणत होती, ते मिठात घालण्यासारखे निघाले.

काही बालके मात्र पुरेसे आयोडीन असूनही काम न करणारी अवटु ग्रंथी घेऊन जन्मतात. जन्मतः ती बहुधा अगदी निरोगी दिसतात. शांत निजतात, फारसे रडत नाहीत, आणि घरचे म्हणतात, किती गुणी बाळ आहे! पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. महिने गेले तर ती भरून येत नाही. निदानासाठी जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात. आपल्या देशात ही चाचणी अजून प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होत नाही. तुमच्या घरी, किंवा तुमच्या मंडळीतील एखाद्या घरी, लवकरच बाळ येणार असेल, तर दवाखान्यातून निघण्यापूर्वी ती मागून घ्या.