आवडता पैलवान

दिवाळीच्या पहिल्या पहाटे अंगाला तेल लावून घेताना 'चला पैलवान, बसा पाटावर' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत, असा मराठी मुलगा विरळाच. त्या वेळी आपल्या बरगड्या मोजता येतील अशा असतात, थंडीने दात वाजत असतात, आणि तरीही आईच्या तोंडचा तो शब्द घटकाभर खरा वाटतो. पुढे घरातला आरसा आणि शाळेतली दांडगी मुले यांच्या कृपेने खरे काय ते कळते. स्वतः पैलवान होण्याची आशा सुटली, की माणूस दुसरा एखादा पैलवान शोधतो आणि त्याला 'आपला' म्हणू लागतो. मीही त्यांतलाच एक. परंतु हा जो 'आपला' म्हणण्याचा हक्क आपण परस्पर घेऊन टाकतो, तो आपल्याला कशाच्या बळावर मिळतो, हा प्रश्न अलीकडे मला सतावू लागला आहे.

प्रश्न पडला तो शिळफाट्यावर. द्रुतगती मार्ग झाल्यापासून घाईची माणसे परस्पर निघून जातात, पण एस.टी., टेंपो आणि टोलचे पैसे वाचवू पाहणारे संसारी लोक अजून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानेच येतात, आणि बोरघाट चढण्यापूर्वी घोटभर चहा घेतात. शाळा सुटल्यावर मीही तेथल्या एका टपरीच्या बाकावर टेकतो. या भागातल्या कारखान्यांत एके काळी सातारा, सांगली, सोलापूरकडची माणसे पोटासाठी घाट उतरून आली. येताना त्यांनी ट्रंकेत घोंगडी आणली आणि डोक्यात कुस्ती आणली. घोंगडी केव्हाच विरली. कुस्ती मात्र नातवंडांपर्यंत उतरली आहे. आता ही मंडळी मोबाईलवर कुस्त्या पाहतात, आणि चहा निवेपर्यंत वाद घालतात.

त्या बाकावरचे सोलापूरकडचे एक अण्णा सिकंदर शेखचे भक्त. का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, हमालाचं पोरगं आहे ते. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीला माती विभागात महेंद्र गायकवाडकडून हरलं. गुणांवरून केवढा गदारोळ झाला! पण त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला उतरलं आणि गदा घेऊन आलं. दहा महिने गिळून बसणं सोपं नाही." अण्णांनी स्वतः तीस वर्षे कारखान्यात रात्रपाळी केली आहे. गिळून बसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

दुसरा एक तरुण ड्रायव्हर, खेड तालुक्यातला. त्याचा देव शिवराज राक्षे, म्हणजे त्याच पुण्याच्या मैदानात जानेवारीत महाराष्ट्र केसरी झालेला आणि नोव्हेंबरात सिकंदरकडून हरलेला. "आमच्याकडचा आहे, आणि डोळ्याला डोळा भिडवून खेळतो," एवढेच त्याचे कारण.

टपरीच्या मालकीणबाई सहसा या वादात पडत नाहीत. पण एकदा गाळणी झटकत त्या म्हणाल्या, "मला ती विनेश आवडते. आदल्या दिवशी त्या जपानच्या पोरीला पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमसाठी घरी पाठवलं. शंभर ग्रॅम म्हणजे माझी चहाची एक पुडी!" पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाटने ज्या युई सुसाकीला हरवले, ती तोवर आंतरराष्ट्रीय आखाड्यात एकदाही हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास किलोच्या काट्यावर विनेश शंभर ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम कुस्तीआधीच बाद झाली. बाईंचा दुसरा जीव कल्याणच्या वैष्णवी पाटीलवर. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तिच्या अंतिम लढतीत वैष्णवी सांगलीच्या प्रतीक्षा बागडीकडून हरली. "हरली तर हरली. आपल्या बाजूची पोर तिथवर गेली ना?"

मौज अशी की, या तिघांपैकी एकानेही 'तो जिंकतो म्हणून मला आवडतो' असे म्हटले नाही. अण्णांनी धीर सांगितला, ड्रायव्हरने बेडरपणा सांगितला, बाईंनी अन्याय सोसणे सांगितले. जे आपल्याला जगताना हवे असते, किंवा जे आपल्याला सोसावे लागते, तेच आपण आखाड्यात शोधतो. आवडता पैलवान सांगणे म्हणजे एका परीने आपली कुंडली सांगणे होय.

पण येथेच माझे मन अडखळते. आपण त्याच्यात स्वतःला पाहतो, हे ठीक. पहाटे चारला उठून जोर-बैठका तो मारतो. हौद्यातली माती तो उकरतो. कान त्याचे मोडतात, गुडघे त्याचे जातात. आपल्याला खर्च येतो एका चहाचा. मग त्याच्या विजयातला वाटा आपण कोणत्या हिशेबाने मागतो?

या हिशेबाचा विचार करताना मला नेहमी खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पदक मिळेल याची हमी तेव्हा कोणी दिली होती? पुढे काय होणार हे ठाऊक नसताना त्या गृहस्थाने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्याच्या बळावर मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती नंतर. आणि खाशाबाही असे, की परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. बैलगाडीत बसून जयजयकार करणारे सगळेच चाहते होते, यात शंका नाही. परंतु 'आमचा खाशाबा' म्हणण्याचा हक्क मला विचाराल तर खर्डेकरांचा, आणि वर्गणीत आपला रुपया-आठ आणे घालणाऱ्या त्या गावकऱ्यांचा.

त्याच हेलसिंकीत आणखी एक गोष्ट घडली. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरून खाशाबा बाहेर येतात तोच रशियाच्या मल्लाशी लढायला त्यांचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विसावणी मिळावी असा नियम होता. पण ती मागायला आपल्याकडचा एकही अधिकारी जवळ नव्हता. दमलेला माणूस तसाच उतरला आणि हरला. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी. पुरस्कार उशिरा मिळाला याची हळहळ सगळेच व्यक्त करतात. मला त्याहून अधिक लागते ती त्या अर्ध्या तासाची गोष्ट. एक माणूस, 'थांबा, याला दम घेऊ द्या' एवढे म्हणणारा एक माणूस त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हता.

खाशाबांचा तोच सत्तावन्न किलोचा गट, आणि साल २०२४. पॅरिसमध्ये अमन सेहरावत उपांत्य फेरीत पुन्हा एका जपानी मल्लाकडूनच हरला. त्या रात्री त्याचे वजन साडेचार किलोंहून अधिक वाढलेले भरले. सकाळपर्यंत ते उतरवले नाही तर कांस्यपदकाची कुस्तीही गेली! प्रशिक्षक रात्रभर त्याच्याबरोबर जागले, त्याला पळवले, घाम काढला. सकाळी काटा जुळला आणि संध्याकाळी पदक मिळाले. खाशाबांना जे मिळाले नाही ते अमनला मिळाले: हरल्याच्या रात्री जवळ जागणारी माणसे. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत मात्र त्याचे वजन जास्त भरले आणि तो न लढताच बाद झाला. आमच्या बाकावर वर्षभर 'आपला अमन' असलेला तो पोरगा त्या संध्याकाळी एकदम 'तो हरियाणाचा' झाला. चूक त्याची नव्हती असे मी म्हणत नाही. पण आपल्या 'आपले'पणाला घडी मोडायला वेळ किती लागला, हे मी मनात टिपून ठेवले.

यावर कोणी विचारील की, आवडत्याने काहीही केले तरी चाहत्याने त्याच्या मागे उभे राहावे काय? तसे मुळीच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या मैदानात गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध निकाल गेल्यावर शिवराज राक्षेने चिडून पंचांना लाथ मारली आणि कुस्तीगीर संघाने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. आमच्या ड्रायव्हरची त्या आठवड्यात मोठी कुतरओढ झाली. प्रथम तो पंचांना शिव्या देत राहिला. मग दोन दिवस बाकावर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "निकाल चुकला असेल, नसेल. लाथ मारायला नको होती. पण माणूस माझाच आहे." मला हे वाक्य फार मोलाचे वाटले. महंमद अलीवर जगाने केवढे प्रेम केले! १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धाला जायचे नाकारून त्याने विश्वविजेतेपद गमावले, त्याबद्दल त्याला वंदन करावे तेवढे थोडे. पण बंदीच्या त्या दिवसांत ज्या जो फ्रेझरने त्याची बाजू घेतली, त्यालाच पुढे अलीने चारचौघांत हिणवले. अलीचा खरा चाहता दोन्ही गोष्टी सांगतो. दोष झाकणारे प्रेम आंधळे असते, आणि दोष दिसताच पळणारे प्रेम तर प्रेमच नसते. दोष दोष म्हणून सांगायचा आणि माणूस आपला म्हणायचा, हे आईबापांना जमते. चाहत्यांना क्वचितच जमते.

एवढे शहाणपण मी लिहितो आहे खरा. आता माझी स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा, पण तालमीत पक्का. शालेय कुस्तीत तो पहिला आला तेव्हा मी फळ्यावर रंगीत खडूने त्याचे नाव लिहिले, आणि भेटेल त्याला 'आमचा पैलवान' म्हणून दाखवला. पुढच्या वर्षी जवळच्या एका जत्रेत त्याची जोड लागली. मी मुद्दाम पाहायला गेलो. नारळाच्या कुस्त्या झाल्या, मग त्याचा पुकारा झाला. त्याने शड्डू ठोकला, माझ्याकडे पाहिले, आणि दोन मिनिटांच्या आत चीत झाला. समोरच्याने पट कधी काढला ते त्यालाही कळले नसावे. तो माती झटकीत उठला तेव्हा त्याची नजर गर्दीत कोणाला तरी शोधीत होती. कोणाला, ते मला माहीत होते. मी घड्याळ पाहिले. शेवटची एस.टी. निघायला दहा मिनिटे होती. मी वळलो आणि फाट्याकडे चालू लागलो.

सोमवारी तो वर्गात आला. मी कुस्तीचा विषय काढला नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून काढला नाही, असे स्वतःला सांगितले. त्यानंतर तो तालमीत गेला नाही. माझ्यामुळेच गेला नाही, असे म्हणणे स्वतःला फार मोठे समजण्यासारखे होईल. पण माझ्यामुळे तो थांबलाही नाही, हे मात्र खरे.

या दसऱ्याच्या सुमारास शिळफाट्यावर एक टेंपो थांबला. ड्रायव्हर उतरला, माझ्याकडे पाहून हसला आणि पाया पडला. तोच तो. माझ्या चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर सहज विचारावे तसे तो म्हणाला, "सर, त्या दिवशी एस.टी. मिळाली होती का तुम्हाला?"

"मिळाली," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते, मला तेवढेच हलके वाटले असते.

टेंपोत पुढच्या सीटवर त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. मान आखूड, खांदे भरलेले. कार्तिकातल्या जत्रेत त्याची पहिली कुस्ती आहे. "जिंकेल असं नाही, सर," बाप म्हणाला, "समोरचा पोरगा तयारीचा आहे. याल का?"

तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत माझा आवडता पैलवान कोण, असे कोणी विचारले तर मी त्या पोराचे नाव घेईन. त्याने अजून कोणालाही पाडलेले नाही. फराळाचा एक डबा त्याच्यासाठी भरून ठेवायला घरात सांगितले आहे. हौद्याच्या कडेला उभे राहायचे, आणि कुस्ती कशीही सुटली तरी तो माती झटकून उठेपर्यंत तेथून हलायचे नाही, एवढेच ठरवले आहे. एस.टी. गेली तर चालत येईन.