जुन्या पितळी भांड्यांची किंमत आणि धर्म

भंडारा शहर पितळनगरी म्हणून ओळखले जाते. भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या वैनगंगेकाठच्या या शहरात झाल्या आणि त्यांच्या हातचे गुंड, गंगाळे, कोपर, पराती विदर्भातल्या घराघरांत वापरात राहिल्या. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर ही भांडी माळ्यावर गेली आणि माळ्यावरून मोडीत. मोडीत भांडे तराजूवर चढते. धातूचा भाव मिळतो, घडणावळ बुडते. तेच भांडे भट्टीत न जाता एखाद्या विक्रेत्याच्या हाती लागले, की ऑनलाइन लिलावात ‘अँटिक’ म्हणून मोडीच्या कितीतरी पट किमतीला निघते. धातू तोच, वजन तेच. मग ही वरची रक्कम कशाची, आणि ती घेणे धर्माला धरून आहे का?

नफ्याच्या मर्यादेचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा ठरवून दिला आहे. गिऱ्हाइकांच्या चढाओढीने किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम विक्रेत्याला न देता राजाच्या कोशात जमा करावी, असेही तिथे सांगितले आहे. ईर्ष्येतून निघालेला पैसा विक्रेत्याने कमावलेला नसतो, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. पण जुन्या भांड्यांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. माळ्यावर पडलेला गुंड शोधून काढणे, चेंबलेला काठ सरळ करणे, चिंचेने घासून तो उजळणे, नीट बांधून दूरवर पाठवणे ही मेहनतच आहे. शिवाय चढ्या किमतीमुळेच भांडे वितळण्यापासून वाचते. भंडाऱ्याच्या कारागिरांचे काम पुढच्या पिढ्यांना पाहायला मिळायचे, तर कोणाला तरी ते मोडीपेक्षा महाग वाटलेच पाहिजे. किंमत चढी आहे एवढ्यावरून अधर्म ठरत नाही.

अधर्म शिरतो तो भांड्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीत. संग्राहक पैसे मोजतो ते वयाला आणि इतिहासाला. हातात मावणारे ‘कुर्टा’ हे यांत्रिक गणनयंत्र याचे जगभर माहीत असलेले उदाहरण. कुर्ट हर्त्सश्टार्क या ऑस्ट्रियन अभियंत्याने बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत कैदेत असताना त्याच्या आराखड्यावर काम केले. १९४८ पासून लिक्टेनस्टाइनमध्ये ते तयार होऊ लागले आणि इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरांपुढे १९७० च्या सुमारास बंद पडले. आज त्याला येणारी मोठी किंमत या इतिहासाची आहे. पण प्रत्येक यंत्राच्या तळाशी क्रमांक असल्याने ते केव्हाचे, हे पडताळून पाहता येते. गुंडाला असा क्रमांक नसतो. तिथे सारी मदार विक्रेत्याच्या शब्दावर. म्हणून नवे भांडे आम्लाने काळवंडून किंवा मातीत पुरून जुने भासवणे ही नुसती व्यापारी चलाखी नव्हे. त्यात सत्य आणि अस्तेय ही दोन्ही व्रते मोडतात. पुराणवस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान १०० वर्षांची कारागिरीची वस्तू पुराणवस्तू ठरते; तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा ‘सव्वाशे वर्षांचे’ असे लिहून परवान्याविना भांड्यांचा धंदा करणारा एक तर खोटे बोलतो, नाही तर कायदा मोडतो.

घेणाऱ्याकडेही काही दोष येतोच. लिलाव बहुधा तोच जिंकतो, ज्याचा अंदाज सगळ्यांत चढा असतो. म्हणजे जिंकणे हेच पुष्कळदा जास्त मोजल्याचे लक्षण. जैन श्रावकांच्या परिग्रहपरिमाण व्रतात संग्रहाची मर्यादा मोह समोर येण्याआधीच ठरवायची असते. बोली लावणाऱ्याला याहून कामाचा नियम सापडणे कठीण.

सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न मालकीचा आहे. आंदणात दिलेल्या गुंडाच्या गळ्याशी बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असते. कधी देणाऱ्याचे, कधी मुलीचे, सोबत गाव किंवा साल. विक्रेते या अक्षरांचा जवळून फोटो काढून अस्सलपणाची खूण म्हणून दाखवतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती स्त्रीधनाची खूण आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा कैद अशा प्रसंगी घेतलेले स्त्रीधन परत न करण्याची मुभा याज्ञवल्क्यस्मृती पतीला देते. घर आवरायचे आहे, हे कारण त्यात बसत नाही. म्हातारीला न विचारता मुलांनी तिचे भांडे मोडीत दिले, तर पहिला व्यवहारच सदोष ठरतो. पुढे लिलावात कितीही रक्कम येवो, जिचे नाव त्यावर आहे तिच्यापर्यंत त्यातला पैसाही पोचत नाही. चढ्या किमतीपेक्षा हा अन्याय मोठा आहे.

दानाच्या वस्तूंचा न्याय आणखी स्पष्ट आहे. देवळातल्या घंटेवर किंवा समईवर दात्याचे नाव असले, तरी दान करताना त्याची मालकी सुटलेली असते. पण म्हणून ती वस्तू इतर कोणाला विकता येईल, असे म्हणता येत नाही. उत्तर प्रदेशातील पिप्राह्वा येथील स्तूपात १८९८ मध्ये बुद्धाच्या अस्थिधातूंसोबत सापडलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली, तेव्हा हाच आक्षेप पुढे आला. भारत सरकारच्या नोटिशीनंतर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये रत्ने भारतात परतली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला हा विषय परका नाही. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष उघडकीस आले आहेत.

देव्हाऱ्यातल्या टाकांबाबत मात्र लोकव्यवहाराने वाट आधीच काढून ठेवली आहे. प्रतिष्ठेपूर्वी टाक ही सोनाराची घडण असते. चांदी आणि मजुरी यांचा हिशेब तिथे उघडपणे होतो. पूजेत आल्यावर त्याची किंमत कोणी विचारत नाही. टाक झिजला किंवा चिरला, तर तो वाहत्या पाण्यात सोडतात, किंवा सोनाराकडे देऊन त्याच चांदीत भर घालून नवा करून घेतात.