आसन आणि नाम

एका तरुण वारकऱ्याने मला विचारले, “बुवा, जपाला बसलो की मन बाजारात फिरते. आसन-प्राणायाम करू का? की माळ घातल्यावर ते बरे नव्हे?”

प्रश्न खरा आहे. योग म्हटला की ‘ते आपले काम नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ज्या माउलींनी हरिपाठ दिला, त्यांनीच शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायी, आसनाची जागा कशी असावी हे किती जिव्हाळ्याने सांगितले आहे! त्याच अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, आणि देव त्याला अभ्यास व वैराग्य ही दोन औषधे देतात. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे, ध्यान सातवे. म्हणजे आसन ही पायरी झाली. पायरीवर कोणी बिऱ्हाड करीत नाही.

मी स्वतः एक हिवाळा पहाटे श्वास मोजीत बसलो. गुडघे कुरकुरले, ते असो. मन स्थिर झाले खरे, पण आकड्यांवर! विठ्ठल राहिला बाजूला, आणि ‘आज इतका वेळ बसलो’ हा ताठा तेवढा वाढला. मग आकडे सोडले, श्वासाबरोबर नामच ठेवले.

त्या मुलाला म्हटले, “बैस बाबा. पाठ सरळ ठेव, श्वास ओढूनताणून कोंडू नको. तो संथ झाला की माळ घे. मन पुन्हा बाजारात गेले तर रागावू नको, हाक मारून आण.”

“आणि वारीत कुठले आसन, बुवा?”

“तिथे टाळ आणि पाउली आहे की!”