नववीत शिकलास ते कुठे ठेवलंस?

हो, पाहिला फोन. छान आहे. आता तो पालथा कर आणि पाठीवर हे काय चढवलंयस ते मला समजावून सांग. हिरवा संगमरवर, त्यात सोनेरी रेघा. ‘बाई, सेलमध्ये एकशे एकोणपन्नासला मिळालं,’ हे तू असं सांगतोयस जणू बोर्डात आलास. फोन अठ्ठावीस हजारांचा. त्यातले पंधरा आईनं भिशीतून काढून दिले, उरलेल्याचा पहिला हप्ता अजून जायचाय. फोन निवडताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल किती, बॅटरी किती एमएएच, चार्जर किती वॉटचा, सगळं तुझं तोंडपाठ. आणि हे सगळं ज्याच्या भरवशावर खिशात घालून हिंडणार, ते कव्हर तू रंग बघून घेतलंस!

मागच्या फोनचं काय झालं ते विसरलास बहुतेक. गाडीला किक मारायला वाकलास, वरच्या खिशातून फोन निसटला आणि शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर आपटला. कव्हर त्यालाही होतं. कव्हराला ओरखडा नाही, डिस्प्लेवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. दुकानदारानं फोल्डर बदलायचा आकडा सांगितला तो ऐकून तू फोन तसाच वापरत राहिलास, बोटाला काच लागेपर्यंत. बरं, एवढं होऊन शिकलास काय? तर पुढचं कव्हर हिरवं घ्यायचं.

मला राग फोन फुटल्याचा नाही. वस्तू आहे, फुटते. मला राग आहे तो तू माझ्याच वर्गात बसून ‘गतीचे नियम’ शिकलास याचा. नववीचा पहिलाच पाठ. झेल घेताना खेळाडू हात मागे का नेतो, असा प्रश्न होता. तू उत्तर लिहिलंस: थांबण्याचा काळ वाढतो, म्हणून हातावरचं बल कमी होतं. पैकीच्या पैकी गुण दिले मी. त्या गुणांची आज मला लाज वाटते. घोका आणि ओका, दुसरं काय!

कागद घे. फोनचं वस्तुमान २०० ग्रॅम धर. उंची १ मीटर, म्हणजे तुझ्या पँटच्या खिशाच्या जरा वर. जमिनीला टेकताना वेग किती? गतीचं तिसरं समीकरण वापर. सेकंदाला साधारण ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. सायकल एवढ्या वेगानं जाते. आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं ते बघ. फरशी दबत नाही. तुझं हे कव्हरही दबत नाही, नखानं वाजवून बघ, टकटक वाजतंय. कडक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आहे तो. समजा सगळं मिळून १ मिलिमीटरात फोन थांबला. एक मीटर पडला, एक मिलिमीटरात थांबला; म्हणजे सरासरी बल वजनाच्या हजारपट. २०० ग्रॅमचे झाले २०० किलो. तेच कोपऱ्याला मऊ, दबणारं काही असतं आणि थांबायला २ मिलिमीटर मिळाले असते, तर १०० किलो. एका मिलिमीटरानं निम्मं बल कमी झालं. याला काही संशोधन लागत नाही, भागाकार लागतो.

म्हणून कव्हर घेताना आधी कोपरे बघायचे. फोन सपाट पाठीवर पडला तर आघात पसरतो. कोपऱ्यावर पडला की सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो, चौकट क्षणभर वाकते आणि काचेच्या कडेला ताण बसतो. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. फोनच्या काचा म्हणूनच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून काढतात. काचेतल्या सोडियमच्या जागी मोठ्या आकाराचे पोटॅशियमचे आयन शिरतात, पृष्ठभाग आतल्या आत दाबला जातो आणि काच बरीच चिवट होते. पण कडेला एखादी बारीकशी इजा असेल आणि नेमका तिथेच ताण आला, तर ती सगळी मेहनत वाया. तुझ्या या संगमरवराचे कोपरे बघ. दोन तर चक्क उघडे आहेत, ‘स्लिम लूक’साठी. जिथे मार बसतो तीच जागा उघडी ठेवून पाठीला नक्षी!

दुसरी परीक्षा आत्ताच घेऊ. फोन तोंडावर पालथा ठेव या टेबलावर. आता काचेखालून हा कागद सरकव. सरकत नाही ना? म्हणजे कव्हराची कड काचेच्या वर आलेलीच नाही, काच थेट टेबलाला टेकलीय. फोन तोंडावर पडला तर मध्ये काहीही नाही. कॅमेऱ्याच्या बाजूनं तेच. भिंगं कव्हराच्या बाहेर डोकावतायत आणि दिवसभर तू फोन त्यांच्यावरच टेकवतोस.

आणि हात फिरवून बघ, किती गुळगुळीत आहे. सोफ्याच्या हातावर ठेवलास तर आपोआप घसरेल. पडल्यावर वाचवणं हे कव्हराचं दुसरं काम आहे. पहिलं काम, पडूच न देणं. घर्षणही शिकवलं होतं मी, तेही गेलं वाटतं कुठेतरी. कडांना जरा खरखरीत पकड असलेलं साधं काळं कव्हर या नक्षीपेक्षा दसपट कामाचं. नाही दिसत मिरवायला, नसू दे.

तुझं तोंड बघून कळतंय, आता तू दुसऱ्या टोकाला जाणार. ‘बाई, मित्राकडे आहे तसलं मिलिटरी ग्रेड घेतो.’ घे, पण त्या शब्दांमागे काय आहे ते आधी ऐक. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं ८१० क्रमांकाचं एक मानक आहे, लष्करी सामान उन्हातान्हात आणि आदळआपटीत टिकतं का ते तपासायच्या पद्धतींचं. त्याच्या २००८ च्या ‘जी’ आवृत्तीत अशा छोट्या वस्तूला १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायचं आहे: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. बेरीज कर, जमते. पण पाडायचं कशावर? काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर. तुमच्या पार्किंगमध्ये प्लायवूड अंथरलंय का? शिवाय ते २६ आघात एकाच नगानं सोसायला हवेत असंही नाही, पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. आणि लष्कर कुणाच्या कव्हरावर शिक्का मारत बसत नाही. कंपनी स्वतः चाचणी करते किंवा करवून घेते आणि खोक्यावर छापते. सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण किती उंचीवरून पाडलं ते लिहिणारी कंपनी वेगळी आणि नुसतं ढालीचं चित्र छापणारी वेगळी, एवढं तरी वाचायला शीक.

त्या जाडजूड कव्हरांची आणखी एक गंमत आहे. ती चढवली की फोन खिशात मावत नाही, मग पोरं तो हातात घेऊन फिरतात. आणि हातातला फोन पडतो. खिशात जाईल एवढंच जाड घ्यायचं, त्यापुढची जाडी बढाईखोरी.

पारदर्शक घेशील तर पिवळं पडेल हे धरूनच घे. ते मऊ पारदर्शक कव्हर बहुधा टीपीयूचं असतं, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. आघात शोषायला उत्तम, पण अतिनील किरण आणि उष्णता लागली की त्याच्या रेणूंतच बदल होतो. मळ असेल तर धुऊन निघेल, हा पिवळेपणा टूथपेस्टनं घासून जायचा नाही. सिलिकॉनला पकड चांगली, मात्र जीन्सच्या खिशातला सगळा भुसा गोळा करून आणतं. नुसतं कडक पॉलिकार्बोनेट ओरखडे अडवतं, मार शोषत नाही. तेच तुझ्याकडे आहे. पाठीला कडक आणि कडेला मऊ असं दोन्ही असलेलं बघ, चार-पाचशेपर्यंत बरं मिळतं.

काचेवर टेम्पर्ड लावलीस, ठीक केलंस. आघात आधी तिनं खाल्ला तर बरंच. पण ‘नाइन एच’ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, असलं काही दुकानदाराकडून ऐकून आला असशील तर विसर. ते खनिजांच्या मोहस् श्रेणीतलं नऊ नव्हे. ते पेन्सिलींचं माप आहे, एचबी, टूएच करत नाइन एचपर्यंत जाणारं. त्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, इतकाच दावा. मोहस् श्रेणीत काच साडेपाच-सहाच्या घरात येते आणि क्वार्ट्झ, म्हणजे साधा वाळूचा कण, सातवर. गणपतीपुळ्याची वाळू खिशात घेऊन येतोस आणि वर ओरखडे कसे पडले म्हणून विचारतोस. तीच वाळू कव्हराच्या आत शिरली की फोनची पाठ घासत बसते. महिन्यातून एकदा कव्हर काढून धुवायला काय होतं रे?

काढ आता ते. हे काय? शंभराची नोट, बसचा पास आणि साईबाबांचा फोटो. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण या घड्या घातलेल्या कागदांनी कव्हर फुगलंय, एक कड सुटायला लागलीय आणि फोनच्या उष्णतेला बाहेर पडायची वाट अडलीय. नोट ठेवली की फोनचा स्फोट होतो असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मात्र लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही हे खरं. ॲपलसारखी कंपनी तिचे फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते आणि आपल्याकडे मे महिन्यात घरात पंख्याखाली त्याहून जास्त असतं. तू तर फोन चार्जिंगला लावून, वर गेम खेळत, गादीवर ठेवतोस. तापला की कव्हर काढून ठेवायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तो गाडीच्या हँडलवरचा होल्डर! गाडीच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. त्यावर कुठलंच कव्हर चालत नाही. रस्ता विचारत जा लोकांना, तोंड दिलंय देवानं.

उद्या दुकानात जाशील तेव्हा फोन घेऊन जा, मॉडेलचा नुसता फोटो दाखवू नकोस. दुकानदार म्हणेल, ‘चालतंय, आधीच्या मॉडेलचंच याला बसतं.’ बसत नाही. माइकचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की समोरच्याला तुझा आवाज खोल विहिरीतून येतो. कव्हर चढवून आवाजाची बटणं दाब, चार्जर लावून बघ, एक फोन कर मला. पालथा ठेवून कागद सरकव, कोपरे अंगठ्यानं दाब. दुकानदार कटकट करेल, करू दे, पैसे तू देणार आहेस. आणि आईनं कव्हराची किंमत विचारली तर खरी सांग.