शक्तीची कळ

गेल्या उन्हाळ्यात डेहराडूनहून मसुरीस जाण्याचा योग आला. येथील मंडळातील एका स्नेह्यांनी जुनी, स्वयंचलित गिअरची इनोव्हा क्रिस्टा घेतली होती. चढ लागताच त्यांनी 'पॉवर' असे लिहिलेली कळ दाबली. यंत्राचा आवाज चढला आणि गाडी अशी काही उसळली की मागे बसलेल्या वहिनींनी फराळाचा डबा घट्ट धरला. "बघितलंत, कसा जोर आला!" स्नेही म्हणाले. जोर आला खरा. पण तो आला कोठून, हे आम्हांस वर पोहोचेपर्यंत उमगले नाही.

पुढे चौकशी करता उलगडा झाला तो असा. ही कळ यंत्रात तिळभरही नवी शक्ती घालीत नाही. २,७५५ घनसेंटिमीटरचे ते डिझेल यंत्र कळ दाबण्यापूर्वी जेवढे समर्थ असते तेवढेच नंतरही असते. बदलते ती केवळ तत्परता. पायाचा दाब तोच असला तरी मागणी अधिक मानली जाते. वरच्या गिअरवर जाण्याची घाई होत नाही, खालचाच गिअर धरून ठेवला जातो, आणि फेरे वाढल्याने चाकांस अधिक जोर मिळतो. डिझेल अर्थातच अधिक जळते. गंमत अशी की, कळ न दाबता पाय तळापर्यंत दाबला, तरी गाडी आपण होऊन खालच्या गिअरवर येते व तोच जोर देते.

शक्ती आधीपासूनच होती, तर ती दिली गेली नाही याचा जाब कोणास विचारावा? यंत्रास विचारण्यात अर्थ नाही. त्यास काटकसर शिकविलेली असते. माणसाचे काय?

आम्ही कारकून. एका दिवंगत शिपायाच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे तीन महिने पडून होते. दोन कागदांवरील जन्मतारखा जुळत नव्हत्या. आम्ही शेरा मारला, स्मरणपत्र धाडले, पुन्हा शेरा मारला. नियमबाह्य असे एकही पाऊल टाकले नाही. मग एके सकाळी पडद्यावर त्या फाइलीवर वरून 'तातडीचे' अशी खूण आली. आम्ही जुने सेवापुस्तक काढविले, एक दूरध्वनी केला, आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण निकालात निघाले. साहेबांनी शाबासकी दिली. ती घेताना आम्हांस संकोच वाटला नाही. तो मसुरीचा उलगडा झाला तेव्हा वाटला.

सर्वच फाइली तातडीच्या मानल्या तर कोणतीच तातडीची उरणार नाही, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. त्या तीन दिवसांत भविष्य निर्वाह निधीचे दोन अर्ज मागे पडले, हेही आम्ही जाणतो. परंतु तो दूरध्वनी दहा मिनिटांचा होता. शिवाय, गाडी जे डिझेल राखते ते गाडीच्या मालकाचेच असते. आम्ही तीन महिने जे राखले ते आमचे श्रम, आणि जे खर्ची पडले ते त्या बाईंचे दिवस. या व्यवहारास काटकसर म्हणण्यास आमची जीभ आता रेटत नाही.

त्या बाई नंतर एकदा कार्यालयात आल्या होत्या, लाडवांचा डबा घेऊन. आमच्यामुळे काम लवकर झाले, असे त्या पुन्हा पुन्हा हिंदीत सांगत होत्या. आम्ही लाडू घेतला.