कपोताची गोष्ट आणि एका सैनिकाचे घर

दरवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा होते. त्यात आठवा गुरू कपोत. पिले पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाहून कबुतरी जाळ्यात झेपावते, तिच्यामागून कबुतरही. अतिस्नेह करू नये, हा बोध. इतकी वर्षे ऐकतोय, पण माझे मन इथेच अडते. ज्यांचा पोटचा मुलगा लढाईत गेला, त्या आईबापांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

नोकरीत मी काही वर्षे पेन्शनच्या काउंटरवर होतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला एक मावशी यायच्या. मुलगा सैन्यात होता, सीमेवर गेला. एकदा मी म्हणालो, "मावशी, मुलाचा अभिमान वाटत असेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "वाटतो की. पण भाऊ, पीठ अजून चौघांचंच मळलं जातं." मी गप्प राहून शिक्का मारला. दुसरे काय करणार?

सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. जन्म पुण्याचा, 1950 चा. खडकवासल्याच्या एनडीएत शिकले, पूना हॉर्समध्ये गेले. जून 1971 मध्ये कमिशन मिळाले आणि डिसेंबरात युद्ध पेटले. 16 डिसेंबरला शकरगड आघाडीवर, बसंतर नदीपलीकडे रणगाड्यांची लढाई झाली. त्यांच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम आला, पण तोफ चालतेय तोवर हटणार नाही असे कळवून ते लढत राहिले आणि तिथेच पडले. वय अवघे 21. तेव्हाही मार्गशीर्षच चालू होता. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सही झाली. देशभर आनंद झाला. युद्ध थांबले, आता अरुण येईल, म्हणून घरचे वाट पाहत होते. आली ती तार. पुढे मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आम्हा बँकवाल्यांना जमा आणि नावे जुळवायची सवय. परमवीर चक्र जमेला, मुलगा नावे. हे खाते मात्र जन्मभर जुळत नाही.

तीस वर्षांनी, 2001 साली, त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल आपले मूळ गाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. वय ऐंशीच्या पुढे. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांच्याकडे उतरले. त्यांनी पाहुणचारात काही कमी ठेवले नाही. परतीच्या आदल्या रात्री यजमानांनीच सांगितले, की तुमचा मुलगा त्या लढाईत माझ्याच हातून गेला. ज्याचे अन्न खाल्ले, त्याच्याच तोंडून हे ऐकायचे! म्हाताऱ्या बापाने ऐकून घेतले. दोघेही सैनिक, दोघेही आपापल्या कर्तव्यावर होते, हे जाणून त्यांनी वैर धरले नाही.

हे वाचल्यावर कपोताची गोष्ट मला थोडी उमगली. पिलांवर माया केली, हा काही त्याचा दोष नव्हे. दुःखात त्याचे भान गेले, समोर पसरलेले जाळे दिसत असूनही तो त्यात शिरला, हा दोष. मुलगा गेलेल्या घरासमोरही एक जाळे असतेच, द्वेषाचे. खेतरपालांची माया तीस वर्षांत आटली असेल, असे मला वाटत नाही. पण त्या जाळ्यात त्यांनी पाय टाकला नाही.

अर्थात ही क्षमा त्यांची स्वतःची. ती आपण दुसऱ्याकडे मागू नये. कोणा आईला 'आता विसरा' म्हणणे हा उपदेश नव्हे, आगाऊपणा आहे. अवधूताची पहिली गुरू पृथ्वी. नांगर चालवा, खणा, ती सोसते. सोसणे ज्याचे त्याने करायचे असते, पण शेजारी बसायला कुणाची आडकाठी आहे?

म्हणून भक्तहो, यंदा पौर्णिमेला पाळणा झाला, की गावातल्या अशा घरी आधी प्रसाद घेऊन जाऊ. अभिमानाचे भाषण नको. घटकाभर बसू. त्यांनी मुलाचे नाव काढले, तर त्याच्या लहानपणच्या चार गोष्टी ऐकून घेऊ.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥